प्रधानांची शाल आणि भाकीतकार

फार पूर्वी डोंगरापलीकडच्या एका राज्याला राजाच नव्हता. दर पाच वर्षांनी गावं आपापला पंच निवडायची आणि ज्या पक्षाचे पंच जास्त, त्याचा पुढारी प्रधान व्हायचा. पक्ष दोनच, नांगरवाले आणि होडीवाले.

मतदानाच्या चार दिवस आधी राज्याचा भाकीतकार चावडीवर उभा राहून कोण जिंकणार ते सांगायचा. त्यासाठी तो बाजारोबाजार फिरून माणसांना विचारायचा. तीनदा त्याचं भाकीत तंतोतंत खरं ठरलं होतं, त्यामुळे स्वारीची मान जरा ताठच असायची. रीत अशी, की ज्याला भाकीत सांगता आलं नाही, त्याने मानाची काठी चावडीवर ठेवून घरी जायचं.

त्या वर्षी नांगरवाल्यांचं आपसातच बिनसलं होतं. म्हातारे प्रधान खुर्ची सोडेनात आणि पक्षातला तरुण पुढारी थांबेना. प्रधानांनी भाकीतकाराला बोलावलं आणि त्याच्या खांद्यावर स्वतःची जरीकाठी शाल घातली.

"थंडीचे दिवस आहेत, पांघरा," ते म्हणाले. "आणि नीट विचारून या. आपण सहज जिंकत असू, तर त्या दीडशहाण्याला आणि त्याच्या माणसांना मी भाकिताच्याच दिवशी पक्षाबाहेर काढतो. रोजची कटकट मिटेल."

भाकीतकार सात बाजार फिरला. जिथे जावं तिथे एकच उत्तर, "नांगरच!" गडी खूश. आठव्या बाजारात त्याने बांगड्या भरणाऱ्या एका म्हातारीला विचारलं.

"नांगरच की, बाबा," ती म्हणाली आणि शेजारणीकडे बघून हसली.

"हसलीस का, आजी?"

"प्रधानांची शाल पांघरून विचारतोस, मग तुझ्या तोंडावर होडी म्हणायची कुणाची छाती आहे? होडीवाल्याची पांघरून आला असतास, तर सगळे होडी म्हणाले असते."

भाकीतकाराने खांद्यावरच्या शालीकडे पाहिलं. एवढी साधी गोष्ट, आणि तीनदा शहाणा ठरलेल्या माणसाच्या ध्यानात येऊ नये! त्याने शाल गुंडाळून पिशवीत कोंबली आणि त्याच बाजारात पुन्हा विचारायला सुरुवात केली. कुणी नांगर म्हणालं, कुणी होडी, बरेचजण नुसतेच खांदे उडवून निघून गेले. काही थांग लागेना, आणि भाकीत तर दुसऱ्याच दिवशी सांगायचं होतं.

सकाळी चावडीसमोर ही गर्दी जमली. प्रधान मिशीला पीळ देत पुढे बसले होते, बाहेर काढायच्या माणसांची यादी मांडीवर तयार. नुसतं 'नांगर' म्हटलं तरी काठी आज हातात राहणार होती. भाकीतकार पुढे झाला.

"मंडळी, माझं चुकलं," तो शेवटी म्हणाला. "सात बाजारांत लोकांनी माझ्या अंगावरची शाल बघून उत्तरं दिली. कोण जिंकणार, ते मला माहीत नाही."

लोक खो खो हसले. प्रधान रागाने लाल झाले. भाकीतकार काठी ठेवून खाली मान घालून घरी गेला.

पण प्रधानांच्या मनात पाल चुकचुकली. विजयाची खात्री नसताना स्वतःचीच माणसं कोण हाकलणार? त्यांनी यादी घडी करून ठेवली आणि नाइलाजाने तरुण पुढाऱ्याला निरोप धाडला, "तूर्त एकत्र लढू."

मतं मोजली गेली. नांगरवाले जिंकले, पण अवघ्या दोन पंचांनी. आणि निवडून आलेल्यांतले नऊ पंच त्या तरुण पुढाऱ्याचे!

प्रधानांच्या जिवात जीव आला. ते स्वतः भाकीतकाराच्या दारी आले.

"तुम्ही त्या दिवशी 'नांगर' म्हणाला असतात, तर आज आम्ही बुडालो असतो," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला खुर्ची त्या तरुणाची, असं आत्ताच सगळ्यांसमोर सांगून आलोय. आणि भाकीतकार तुम्हीच राहायचं, असं पंचांनी एकमताने ठरवलंय."

चार दिवस भाकीतकाराच्या घशाखाली घास उतरला नव्हता. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि आत हाक मारली, "अगं, दोन पानं वाढ. प्रधानही जेवायला थांबतायत!"

तात्पर्य: हवं ते ऐकवणारे पुष्कळ भेटतात, पण "मला माहीत नाही" असं वेळेवर सांगणारा माणूसच आपल्याला बुडता बुडता वाचवतो.