आजानुबाहूचा गज आणि इंदुलेखेचे पाणी

एका राज्यात धाप न लागता चढता येईल असा एकही जिना नव्हता. कारण ऐका. त्या राज्याचा मूळपुरुष आजानुबाहू राजा. नावाप्रमाणे त्याचे हात गुडघ्यापर्यंत पोहोचत आणि उंचीला तो दीड माणूस होता. त्याच्या हाताच्या मापाने एक सागवानी गज कापला गेला, त्याच्या दोन्ही टोकांना सोन्याची टोपणे बसली आणि तेव्हापासून प्रत्येक भिंत, प्रत्येक पलंग, प्रत्येक पायरी त्या राजगजाने मोजली जाऊ लागली. राजा गेला, दोनशे वर्षे उलटली, माणसे तुमच्याआमच्याएवढीच जन्मत राहिली, गज मात्र तोच राहिला. पायऱ्या गुडघाभर उंच. म्हाताऱ्या सासऱ्यांना जावई पाठुंगळी घेऊन माडीवर नेत. जिना म्हटला की धाप लागायचीच, अशी सगळ्यांची समजूत होती, आणि दसऱ्याला त्या गजाची पूजा होत असे.

त्या गादीवर हेमांगद नावाचा राजा बसला होता. मनाने मोठा, पण भारी उतावळा. त्याला कन्यारत्न झाले, तेव्हा आनंदाच्या भरात त्याने ठरवले की हत्तींची झुंज लावायची. मैदान कुठे? राजवाड्याच्या परसात एक जुना तलाव होता. राजाने तो एका दिवसात बुजवला आणि वर माती चोपून मैदान केले.

त्या तलावाच्या तळाशी तीनशे वर्षे एक जलजोगी ध्यान लावून बसला होता. तो मातीतून वर आला. दाढीत चिखल, जटेत शेवाळ, डोळे लाल.

“राजा, तू माझे पाणी पुरलेस,” तो म्हणाला. “तुझी मुलगी पायाच्या तळव्यापासून दगड होत जाईल. बाराव्या वाढदिवशी सूर्य माथ्यावर आला की सगळीच दगड होईल.”

राजाने पाय धरले. राणीने मूल त्याच्या पुढ्यात ठेवले. मूल जोग्याची दाढी ओढू लागले. जोग्याचा राग थोडा उतरला.

“उःशाप देतो. याच परसात पुन्हा पाणी येऊ दे. त्या पाण्यात ती स्वतःच्या पायांनी उतरू दे, कुणाचा हात न धरता, काठी न टेकता. पोहून पलीकडच्या काठाला लागली की शाप संपला.” एवढे बोलून तो मातीत शिरला.

राजकन्येचे नाव इंदुलेखा. तिच्या अकराव्या वर्षापर्यंत दगड गुडघ्यांना येऊन टेकला होता. सपाट जमिनीवर ती पाय ओढत चार पावले चाले, एरवी खुर्चीत बसून खिडकीतून बघे. बाहेर बघण्यासारखे काय होते? खड्डा. राजा दरवर्षी परसाच्या बरोबर मध्यभागी, दरबाराच्या खिडकीतून शोभून दिसेल असा तलाव खणवी, राजस्थपती नागोजी त्याला कमानी लावी, पखालींनी पाणी भरले जाई आणि रात्रभरात जमीन ते पिऊन टाकी. असे अकरा तलाव झाले.

बाराव्या वाढदिवसाला चाळीस दिवस उरले, तेव्हा खिडकीच्या चौकटीवर एक खंड्या येऊन बसला. निळे पंख, लाल चोच आणि नजर अशी की समोरच्याचे काहीतरी चुकलेच असणार.

“राजकन्ये, हा खड्डा कुणासाठी आहे?” खंड्याने विचारले.

“माझ्यासाठी.”

“तो कसा असावा, हे तुला कुणी विचारले?”

इंदुलेखेने आठवून पाहिले. “कुणीच नाही.”

“मला वाटलेच. कामे तीन आहेत. पहिले, पाणी शोधायचे. दुसरे, पाणी मागायचे. तिसरे आत्ता सांगितले तर तुम्ही सगळे हसाल, म्हणून वेळ आल्यावर सांगेन.”

इंदुलेखा खुर्चीत सरसावून बसली. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला काम सांगत होते!

पहिले काम सोपे निघाले. खंड्या म्हणाला, “तुझे पाय दगडाचे आहेत. जिथे खाली पाणी असते तिथे दगड पाझरतो. चल, तुझे पायच शोध लावतील.” भोयांनी खुर्ची उचलली. दर दहा पावलांवर खुर्ची खाली ठेवायची, पाय मातीला लावायचे, थांबायचे. मध्यभागी पाय कोरडे ठणठणीत. चाफ्याच्या झाडाजवळ कोरडे. शेवटी ईशान्येच्या कोपऱ्यात तिच्या दगडी बोटांवर थेंब जमले, मग ओघळ लागले, मग खुर्चीखाली डबके झाले आणि भोई नाचायला लागले. वर पाहतात तो काय, ती जागा हत्तींची झुंज बघायला राजाने बांधलेल्या सोनेरी माच्याखालची होती.

“माचा पाडा,” राजा म्हणाला आणि स्वतःच कुदळ घेऊन वर चढला. चढताना त्याला धाप लागली, हे सांगायला नकोच.

वीस हात खणल्यावर झऱ्याचा आवाज आला. तिथे तांब्याचे सात हंडे होते आणि त्यांच्याभोवती वेटोळे घालून एक पांढरा नाग बसला होता.

नाग म्हणाला, “हंड्यांत सोने आहे. हंड्यांखाली झरा आहे. सोने न्याल तर झरा आटेल. काय पाहिजे ते मागा.”

नागोजी स्थपतीने मनातल्या मनात तलावाला सोन्याच्या फरश्या बसवूनही टाकल्या होत्या. पण नागाचे बोलणे संपायच्या आत राजा म्हणाला, “झरा!”

“विचार करून सांग.”

“अकरा वर्षे विचारच केला. झरा!”

नाग हंड्यांसकट बाजूच्या कपारीत सरकला आणि जाताना म्हणाला, “हाक मारशील तेव्हा पाणी देईन.” दुसरे काम झाले.

मग आला सगळ्यांत मजेचा भाग. दिवाणखान्यातले गालिचे गुंडाळले गेले आणि फरशीवर खडूने तलावाची आखणी सुरू झाली. नागोजीला चौकोनी हवा होता, चार कोपऱ्यांत चार छत्र्या, मध्ये संगमरवरी हत्ती.

“हत्ती मध्ये असेल तर मी पोहू कुठून?” इंदुलेखेने विचारले.

हत्ती पुसला गेला. इंदुलेखेने खडू हातात घेतला आणि फरशीवर एक मोठी कोयरी काढली. कोयरीच्या देठाशी उतरायची जागा, तिथे पाणी कमरेएवढे. पोटाकडे खोल होत जाणार. पूर्वेला भिंत नको, म्हणजे सकाळचे ऊन पाण्यावर पडेल. चाफा काठापासून लांबच राहू दे, म्हणजे पाने पाण्यात पडणार नाहीत, वास मात्र येईल. एका कडेला आईसाहेबांना पाय सोडून बसायला ओटा. कपडे बदलायला कुडाचा आडोसा. घाण पाणी जायला मोरी आणि तिला दगडी बूच. पाणी निवळायला निवळीच्या बिया.

“आणि मला बसायला एक खांब,” खंड्या म्हणाला.

“कुठे?”

“जिथून मासे दिसतील तिथे.”

“तलावात मासे नसतील.”

“बघू,” खंड्या म्हणाला.

दिवाणखान्यात रोज गर्दी होऊ लागली. राणी ओट्याची लांबी वाढवून गेली. आचारी येऊन सांगून गेला की पोहून आल्यावर भूक फार लागते, तेव्हा स्वयंपाकघराकडे एक वाट पाहिजेच. इंदुलेखेला रात्री झोप येईना, इतका तिला आनंद झाला होता. दिवसा खंड्या तिला पाटावर पालथी झोपवून हात मारायला शिकवी. “पाणी पुढून घ्यायचे आणि मागे ढकलायचे. घाबरायचे नाही. पाटावर कुणी बुडत नाही.”

नागोजीने सगळे टिपून घेतले. राजकन्या म्हणाली, पायऱ्या वीतभर उंचीच्या. नागोजीने वीतभर लिहिले. चुन्यात बेलफळ, गूळ आणि उडीद घालून बैलांच्या घाणीवर आठ दिवस दळले. दोनशे गवंडी राबले. निळसर फरशी बसली. वाढदिवसाच्या पहाटे नागाला हाक मारली, झरा फुटला आणि कोयरी काठोकाठ भरली. तळ असा घट्ट की थेंबभर पाणी कमी होईना. सगळे नगर परसात लोटले. नगारे वाजले. राजाने मुलीला देठापाशी उभे केले आणि मागे सरकला.

इंदुलेखेने उजवा पाय पुढे केला. पाय हवेत राहिला.

पायरी गुडघाभर खाली होती. तिने डावा पाय पुढे केला, तोही पोहोचेना. आधार घ्यावा तर शाप मोडायचा नाही, उडी मारावी तर ते पायांनी उतरणे नव्हते. नगारे थांबले.

“मी वीतभरच म्हटले होते,” ती म्हणाली.

“वीतभरच आहे, राजकन्ये,” नागोजी रडवेला झाला. “राजगजाची वीत. सगळ्या पायऱ्या अशाच असतात ना?” त्याने खरोखरच काही लबाडी केली नव्हती. लहान पायरी असते, हे त्या राज्यात कुणी पाहिलेलेच नव्हते. त्या पहाटेपर्यंत एकाही माणसाने गज मुलीच्या हाताशेजारी धरून पाहिला नव्हता.

खंड्या खांबावरून म्हणाला, “हे तिसरे काम. माप बदला.”

कुणी हसले नाही. सूर्य चाफ्याच्या वर आला होता.

राजाने राजगज मागवला. तो मखमलीत गुंडाळून आला. राजपुरोहित पुढे झाला. “महाराज, मूळपुरुषाचा हात आहे हा.”

“मूळपुरुषाला पोहायचे नाही,” राजा म्हणाला. त्याने गज गुडघ्यावर घेतला आणि मोडला. सोन्याचे टोपण टणटण करत फरशीवरून गेले. एक तुकडा त्याने इंदुलेखेच्या कोपरापासून मधल्या बोटापर्यंत धरला, तेवढाच करवतीने कापून घेतला आणि नागोजीच्या हातात दिला. “हा घे. आता मोज.”

नागोजीने डोळे पुसले. त्याने तुकडा पायरीला लावून पाहिला आणि एकदम ओरडला, “पायऱ्या नकोतच! ढाळ घालू! एक हात पुढे, चार बोटे खाली. मोरी उघडा!”

मग जी धावपळ उडाली ती काय सांगू! बूच निघाले, पाणी उतरले. लोकांनी टोपल्या टोपल्या वाळू आणि मुरूम ओतून पायऱ्या बुजवल्या. झुंजीचे दोन हत्ती आणले, त्यांनी पाय आपटून मुरूम असा चोपला की गवंड्यांची धुम्मसही तसा चोपू शकली नसती. पण वर फरशी? गुळगुळीत फरशीवर दगडी पाय निसटले असते. तेव्हा गर्दीतल्या एका परटिणीने हाक दिली, “माझा धुण्याचा दगड न्या! कसा खरखरीत आहे, ओल्या पायानेसुद्धा घसरत नाही!” झाले. घराघरांतून धुण्याचे दगड आले, डोक्यावरून, खांद्यावरून, हातगाड्यांवरून. काही अजून ओलेच होते, एकावर साबणाचा फेसही होता. नागोजी गुडघ्यांवर रांगत एकेक दगड बसवत गेला आणि दर हाताला तो तुकडा टेकवून पाहत गेला.

सावल्या पायाशी आल्या. इंदुलेखेच्या गुडघ्यांवरून दगड मांड्यांवर चढू लागला.

“नागराज!” राजा ओरडला. झरा उसळला. कोयरी पुन्हा भरू लागली, आणि ती भरायची वाट न बघता इंदुलेखा निघाली.

पहिला दगड. दुसरा. पाय खरवडत होते, पण धरत होते. पाणी घोट्यांना लागले, पोटऱ्यांना लागले. राजाने सवयीने हात पुढे केला, तशी खंड्याने झेप घेऊन त्याच्या बोटावर चोच मारली. राजाने हात पाठीमागे बांधला आणि ओठ चावत उभा राहिला. पाणी कमरेला लागले, तेव्हा अकरा वर्षे वागवलेले ओझे तिला हलके वाटले. तिला हसू आले. ती पुढे झुकली आणि पाटावर मारले तसे हात मारले.

एक हात. दोन हात. कोयरीच्या पोटात पाणी खोल होते आणि दगडी पाय तिला खाली ओढत होते. डोके बुडाले. राणीने डोळे मिटले. डोके वर आले. “पाणी मागे ढकल!” खंड्या किंचाळला. तिने पाणी मागे ढकलले. तिच्या मागे तळाशी काहीतरी टणकन पडले, मग आणखी काहीतरी. सूर्य माथ्यावर येता येता तिचा हात पलीकडच्या काठाला लागला.

काठावर जलजोगी बसला होता. दाढी धुतलेली, जटा मोकळ्या, पाय पाण्यात.

“पाणी छान आहे,” तो म्हणाला. “पूर्वी इतके ऊन येत नसे.” आणि तो सूर मारून तळाशी गेला, तो आपल्या ध्यानाला बसला. त्याच्या शेजारी दोन दगडी मोजे पडले होते. मांड्यांपर्यंतचे, आतून पोकळ. त्यांच्याभोवती कुठून कोण जाणे चार मासे फिरत होते.

इंदुलेखा काठावर चढली. तिने आपल्या पायांकडे पाहिले. गोरे, सुरकुतलेले, थरथरणारे पाय. तिने बोटे हलवली. मग एक पाऊल टाकले, मग दुसरे, आणि मग ती धावत सुटली. ओल्या पायांनी, निथळत्या केसांनी, कोयरीच्या काठाकाठाने ती गोल गोल धावू लागली. नगर आनंदाने ओरडत होते, हत्ती सोंडेने पाणी उडवत होते, आचारी शिरा घेऊन स्वयंपाकघराच्या वाटेने पळत येत होता.

राजा मात्र दोन्ही हात वर करून तिच्या मागे धावत होता आणि जिवाच्या आकांताने ओरडत होता, “इंदू! पळू नकोस! काठ ओला आहे, पाय घसरेल!”

आणि आपण काय बोललो ते कानांवर येताच तो जागच्या जागी थांबला, मटकन खाली बसला आणि भर गर्दीत, मुकुटासकट, ढसाढसा रडला.

त्या राज्यात आता जिने चढताना कुणाला धाप लागत नाही. गवंडी कामाला आला की आधी विचारतो, इथून कोण जाणार-येणार, आणि मग त्याच माणसाला हात पुढे करायला सांगून मापाची दोरी लावतो. त्यांचे पाणी त्यांना लाभले, तसे ज्याच्या त्याच्या परसात ज्याचे त्याचे पाणी लाभो.