राखेची शाळा

वीज केंद्राची राख खैरटोला गावाच्या ताटात पडायची, पोरं खोकून बेजार व्हायची. तक्रार गेली की केंद्राचे अभियंता निमगुळकर साहेब निर्लज्जपणे म्हणत, “राख निर्धोक आहे.”

मग गावानं नव्या शाळेच्या काँक्रीटमध्ये पाव सिमेंटऐवजी तीच राख घालायचं ठरवलं. चाचणीचे ठोकळे पक्के निघाले, तरी साहेब गावात येऊन कडाडले, “राखेची शाळा? लेकरं मारायची आहेत का? काम बंद!”

सरपंच कौसाबाई मडावींनी कोरा कागद पुढे केला. “मंग लिवून द्या जी, राख लेकरं मारते. काम आत्ता थांबवतो. अन् हाच कागद घेऊन तुमची धुराडी बंद कराले उद्या कोर्टात जातो.”

साहेबांनी तोंडावरचा रुमाल घट्ट आवळला आणि शाळेसाठी केंद्रातली राख वापरायच्या परवानगीवर सही केली.