पूर्वाश्रमीचं रक्त

“मेलेल्या माणसाचं रक्त कुठून आणायचं, बाई?”

विद्याधरनं हे मठाच्या दारातच विचारलं, तेही बाईला पायरी चढू न देता.

समोर कुंदा उभी होती. तिनं दहा-बारा वर्षांच्या मुलाचा हात घट्ट धरला होता. मुलगा कुणाकडे बघत नव्हता. मोकळा हात डोळ्यांपुढे सारखा हलवत होता.

“मेलेले कुठं? आत बसलेत की,” कुंदा म्हणाली.

“आत निरंजनस्वामी आहेत. तुमच्या वडिलांनी संन्यास घेताना स्वतःचं श्राद्ध स्वतःच्या हातानं घातलं. नाव गेलं, गोत्र गेलं, बायको-मुलगी सगळं गेलं. आता ते कुणाचे कुणी नाहीत.”

विद्याधर नाशिकला शास्त्र शिकून आला होता. चातुर्मास संपला की त्यालाही संन्यास मिळायचा होता. अंगावर भगवं यायला अवकाश होता, पण शिंगं आधीच फुटली होती. गुरूंच्या वैराग्याचा अभिमान खुद्द गुरूंपेक्षा त्यालाच जास्त.

“येऊ दे त्यांना,” आतून आवाज आला.

स्वामी सूप पुढ्यात घेऊन भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. कुंदानं लांबूनच नमस्कार केला. ती पाच वर्षांची असताना हे गृहस्थ घरातून निघून गेले होते. त्यांना काय म्हणून हाक मारावी हे तिला कळेना.

“महाराज,” ती म्हणाली, “हा तन्मय, माझा मुलगा. उशिरा बोलायला लागला. अजून चार-सहा शब्दांपलीकडे जात नाही. डॉक्टर म्हणतात, हे जन्माआधीपासूनचं आहे, रक्तातनं आलेलं. पुण्यात अशा घरांचा अभ्यास चाललाय. तीन पिढ्यांचं रक्त लागतं. याचं आणि आम्हा नवरा-बायकोचं झालं, आईनं दिलं... तुमचं राहिलंय.”

“त्यानं हा बरा होईल?”

“नाही. ते त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. याच्या पदरात काही पडणार नाही. पुढं जन्मणाऱ्या कुणाला उपयोग झाला, तर झाला.”

“मग एवढ्या लांब का आलीस?”

कुंदानं तन्मयकडे पाहिलं. तन्मय सुपाशी जाऊन बसला होता. दाणे ओंजळीत घ्यायचे आणि बोटांतून सोडायचे, असं त्याचं चाललं होतं. अर्धे दाणे जमिनीवर जात होते. स्वामींनी सूप त्याच्याकडे सरकवलं.

“आईसाठी आले,” कुंदा म्हणाली. “तुम्ही गेलात तेव्हा लोक म्हणाले, हिच्यातच खोट असणार, उगाच का नवरा संसार टाकून जातो? हा असा निघाला तेव्हा म्हणाले, बघा, आजीची खोट नातवात उतरली. तिच्या रक्तात काही सापडलेलं नाही. पण तुमचं बघितल्याशिवाय डॉक्टर नक्की सांगत नाहीत. तिला एकदा कुणीतरी नक्की सांगायला पाहिजे हो, अण्णा...”

‘अण्णा’ तोंडून निसटलं आणि तिचे डोळे भरून आले.

विद्याधर ताडकन पुढे झाला. “महाराज, संन्याशाला पूर्वाश्रमाचं देणंघेणं उरत नाही!”

“विद्याधर, हा देह कुणाचा?”

“पंचमहाभूतांचा. आपला नव्हे.” उत्तर तोंडपाठ होतं.

“मग जे माझं नाही ते कुणी मागितलं, तर नको म्हणणारा मी कोण?”

नाशिकला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

“दोन वेळा भाकरी वाढतोस,” स्वामी म्हणाले, “तेव्हा तुला माझं श्राद्ध आठवत नाही. सुई म्हटली की बरं आठवतं!”

बाहेर गाडीत पुण्याच्या अभ्यासातल्या सिस्टर रक्त घ्यायला थांबल्या होत्या. कुंदानं त्यांना बोलावून आणलं. त्यांनी आधी सगळं सावकाश समजावून सांगितलं. रक्त कशासाठी, ते कुठं ठेवणार, कोण बघणार.

“मनात नसेल तर नाही म्हणा, बाबा. कुणी रागावणार नाही. उद्या मन बदललं तरी चालेल.”

स्वामींनी छाटी बाजूला केली आणि हात पुढे धरला.

सुई टोचली तेव्हा विद्याधरनं मान फिरवली. स्वामी तन्मयकडे बघत होते. तन्मय दाण्यांकडे बघत होता.

“निकाल तुम्हाला कळवायचा का?” कापूस दाबत सिस्टरनी विचारलं.

“मला नको. हिच्या आईला कळवा.”

कुंदा वाकली. या खेपेला लांबून नाही, पायांवर डोकं ठेवून. मग तन्मयला उठवून ती गाडीकडे गेली.

गाडी दिसेनाशी झाली तसा विद्याधर जवळ आला. शास्त्र बाजूला राहिलं होतं. तो खरोखरच घाबरला होता.

“महाराज, खोट तुमच्याच रक्तात निघाली तर? लोक तुमच्या पायांचं तीर्थ घेतात. उद्या हे गावभर होईल... लोक काय काय बोलतील!”

स्वामी जमिनीवर सांडलेले दाणे वेचत होते.

“आजवर कुंदाच्या आईनं एकटीनं ऐकलं, विद्याधर. आता थोडं मला ऐकू दे.”