बेचाळिसावी जिलबी

एकदा एका साखरपुड्याच्या पंगतीत एक जिलबी जास्त वाढली गेली आणि तिच्यापायी ठरलेले लग्न मोडायची वेळ आली. ही गोष्ट सांगितली की लोक मला विचारतात, जिलबीने लग्न कसे मोडेल? असे विचारणाऱ्यांनी लग्नाच्या पंगती पाहिलेल्या नाहीत, एवढेच मी म्हणतो.

मुलीचा बाप कापडाचा व्यापारी होता. स्वभावाने इतका मवाळ, की गिऱ्हाइकाने पन्नास लुगडी उलगडायला लावून एकही न घेता पाठ फिरवली, तरी हा पुन्हा घड्या घालताना अभंग गुणगुणत असे. रोज संध्याकाळी तो धाकट्या भावाशी सोंगट्या खेळे आणि बहुधा हरे. हरला की भावाच्या पाठीवर थाप मारून आत चहा सांगे. त्याचा आवाज चढलेला गावात कोणी ऐकला नव्हता.

त्या दिवशी तो स्वतः जिलबीचे ताट घेऊन पंगतीत आग्रह करत फिरत होता. नवऱ्या मुलाचा मामा परगावचा, अंगाने भरलेला, मिशांना पीळ दिलेला. त्याच्या पानात व्यापाऱ्याने प्रेमाने एक जिलबी जास्त टाकली. मामा म्हणाला, "खातो की. पण तुमच्या गावात यजमान नुसतं वाढतात वाटतं? की खायचं म्हटलं की पोटात गोळा येतो?"

वरपक्षात हशा पिकला. व्यापाऱ्याने ताट खाली ठेवले, उपरणे कमरेला आवळले आणि मामाच्या समोरच्या पाटावर मांडी ठोकली. "वाढा रे," तो म्हणाला. तो आवाज त्याचा नव्हताच.

पंगतीच्या टोकाला गावचे वृद्ध वैद्य जेवत होते. शेजारी त्यांचा शिष्य. तीन वर्षे त्यांच्याकडे शिकत होता आणि जगातला प्रत्येक प्रश्न कुठल्या ना कुठल्या चूर्णाने सुटतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

दहा झाल्या, वीस झाल्या. दोन्ही पंगतींनी जेवण थांबवले आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. तिशीला व्यापाऱ्याचे कान लाल झाले आणि मामाच्या कपाळाची शीर उभी राहिली. ज्यांनी एकही जिलबी तोंडात घातली नव्हती, तेही मुठी आवळून एकमेकांकडे खाऊ की गिळू असे पाहू लागले.

"हरलो तर मिशा उतरवीन!" मामा गरजला.

"आणि मी हरलो तर मुलगी देणार नाही तुमच्याकडे!" व्यापारी ओरडला.

या पैजेला काही अर्थ आहे का, हे विचारायच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. उलट वरपक्षातून आवाज आला, "आम्हाला तरी कुठं हवीय!" माजघराच्या दारात उभी असलेली मुलगी हे ऐकून पांढरीफटक पडली. तिला मुलगा मनापासून आवडला होता. मुलगा बिचारा मान खाली घालून पानातल्या मिठाकडे बघत बसला होता. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचे बोल एकदा तोंडातून गेले, की तिथे या दोघांचे काय चालणार!

शिष्य वैद्यांच्या कानाशी लागला. "बाबा, दोघांचंही पित्त भडकलंय. डोक्यावर गार पाणी ओतू का? नाहीतर आवळ्याचं चूर्ण..."

"बस खाली," वैद्य म्हणाले. ते काठी टेकत उठले आणि दोघांच्या मधोमध जाऊन उभे राहिले. आता हे दोघांना दटावणार, असे सर्वांना वाटले. वैद्यांनी मामाला विचारले, "पाहुणे, मूळ गाव कुठलं तुमचं?"

मामाने तोंडातली छत्तिसावी जिलबी गिळून गावाचे नाव सांगितले.

"सासुरवाडी?"

तेही सांगितले.

"बहिणी कुठं कुठं दिल्यात?"

"एक याच मुलाची आई. दुसरी घाटाखाली. अहो वैद्यबुवा, मी खाऊ की वंशावळ सांगू?"

"दोन्ही करा," वैद्य शांतपणे म्हणाले. शिष्याने लाजेने डोळे मिटून घेतले. म्हातारपणी बुद्धीला असे काही होते, हे त्याने ग्रंथात वाचले होते. अडतीस झाल्या. चाळीस झाल्या. वैद्य आपले मावशी, आत्या, चुलत चुलते विचारतच होते आणि काहीही जुळत नव्हते. एक्केचाळिसावी दोघांनीही कशीबशी संपवली. मामाने बेचाळिसावी उचलली.

"वडिलांच्या आईचं माहेर?"

मामाचा हात थांबला. "आजीचं? नाव नाही ठाऊक. सातव्या वर्षी लग्न होऊन आली, ती पुन्हा माहेरी कधी गेलीच नाही. पण आमच्याकडचं पाणी प्यायली की तोंड वाकडं करायची. म्हणायची, पाणी म्हणजे आमच्या तांबट आळीतल्या विहिरीचं. आत उतरायला सात पायऱ्या, आणि शेवटच्या पायरीवर कासव कोरलेलं."

मोजणारे आकडा विसरले. ती विहीर याच गावातली होती आणि तिच्यावर इथला प्रत्येक माणूस लहानपणी पाय घसरून पडलेला होता.

वैद्य वाकले आणि मामाच्या पानाशेजारचा पाण्याचा पेला त्यांनी त्याच्या हातात दिला. "घ्या. आजीच्या विहिरीचंच आहे."

मामा पाणी प्यायला. अगदी हळू प्यायला. त्याचे डोळे भरून आले आणि मिशा थरथरल्या.

"म्हणजे तुमचे वडील आमच्या गावचे भाचे!" व्यापारी म्हणाला. आवाज पुन्हा त्याचा स्वतःचा झाला होता. "अहो, मग तुम्ही घरचेच की! ठेवा ती जिलबी. पोटाला त्रास होईल."

"तुमचेही डोळे तांबारलेत. आधी तुम्ही उठा."

"तुम्ही जिंकलात."

"छे, छे! तुम्हीच जिंकलात."

"मी सांगतो ना, तुम्ही!"

हा आग्रह इतका वाढला, की आता यावरून भांडण जुंपते की काय, अशी वैद्यांनाही क्षणभर धास्ती वाटली.

दुपारी ओसरीवर एकाच सतरंजीवर दोघे पोट धरून पडले होते. शिष्याला अखेर ओवा आणि सैंधव द्यायची संधी मिळाली. ते देऊन तो वैद्यांकडे आला. "बाबा, हे कुठलं औषध?"

वैद्य म्हणाले, "शरीरात काही रस असे असतात, की ते समोर कोण बसलंय ते बघून चढतात किंवा उतरतात. हाच माणूस भावाशी रोज हरतो आणि हसतो. खेळ तिथंही असतो, हारजीत तिथंही असते, पण रक्त तापत नाही, कारण समोर आपला माणूस असतो. समोर परका बसला की तोच रस उसळतो. मग जिलबी गोड लागत नाही आणि पोरीचं लग्न दिसत नाही. बघ्यांनाही तो चढतो, तू पाहिलंसच. अशा वेळी 'शांत व्हा' म्हणून कोणी शांत होत नाही. परका आपला झाला, की रस आपोआप खाली बसतो."

या रसांना आजचे डॉक्टर संप्रेरके म्हणतात आणि थेंबभर रक्तात ती मोजतात. वैद्यांकडे मोजायला कानांचा रंग होता.

"पण ते सोयरे होणारच होते ना?" शिष्याने विचारले.

"होणार होते. अजून झाले नव्हते. कागदावरचं नातं अंगात उतरायला वेळ लागतो."

इतक्यात मुलगी चहा घेऊन आली. तिने सगळे ऐकले होते. कप ठेवून ती तिथेच घुटमळली. "वैद्यबाबा, मामांच्या आजीचं माहेर दुसरंच निघालं असतं तर?"

"तर तिच्या आजीचं विचारलं असतं."

"तेही जुळलं नसतं तर?"

"पोरी, मागं मागं जात राहिलं की कुठंतरी एक विहीर लागतेच," वैद्य म्हणाले. "विचारणाऱ्यानं कंटाळायचं नाही, इतकंच."

मुलगी हसली आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. दुसऱ्या दिवसापासून कोणी रोगी तणतणत आला, की त्याची नाडी धरण्याआधी शिष्य त्याला गाव विचारू लागला.