चिमाचा टेका

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर निसणीच्या घाटातला तो वाकडा उंबर तेव्हा काठीसारखा सरळ होता. तो वाकला कशानं, तेही पुढं येईल. घाई करू नका. घाटाची गोष्ट आहे, वळणं घेतच येणार.

घाटाच्या माथ्यावर उंबरधोंड नावाचं गाव. गाव सगळं हेलकऱ्यांचं. डोक्यावर गूळ-मिरची घेऊन घाट उतरायचा, खालच्या बाजारात टाकायची, आणि मीठ-सुकट घेऊन घाट चढायचा. बाप तेच करायचा, आजा तेच करायचा. आणि त्या हेलकऱ्यांचा एक नेम होता. एकदा ओझं डोक्यावर घेतलं की मुक्कामालाच उतरवायचं. वाटेत जमिनीला टेकवलं तर त्याला मुळं फुटतात आणि मग ते कुणाच्या बापाला उचलत नाही, असं म्हणत. मुळं फुटलेली कुणी पाहिली नव्हती. पण टेकवूनही कुणी पाहिलं नव्हतं.

त्या गावात चिमा नावाची हेलकरीण होती. नावाप्रमाणे चिमुकली. ज्वारीच्या ताटाआड उभी राहिली तर दिसायची नाही. पण डोक्यावर चुंबळ ठेवून, म्हणजे फडक्याचं ते वेटोळं ठेवून, ती जे उचलायची त्याला तोड नव्हती. एकदा म्हणे तिनं दोन गोण्या गूळ आणि वर एक गाभण शेळी घेतली. शेळी वाटेत वर बसल्या बसल्या व्याली. चिमा बाजारात पोचली तेव्हा गूळ दोन गोण्याच होता, पण शेळ्या तीन होत्या. खोटं वाटत असेल तर शेळीला विचारा.

चिमाला कुणी म्हणालं, "चिमे, हात लावू का?" तर ती म्हणायची, "राहू दे, आहे ते ठीक आहे." उचलताना तेच, उतरवताना तेच. आयुष्यात ती कुणाला 'लाव' म्हणाली नव्हती.

मग दिवस फिरले. दरड कोसळली, त्यात तिचा नवरा कोंडाजी गेला. दिवसकार्य झालं आणि चौदाव्या दिवशी चिमानं गोणी उचलली. पुढच्या आखाडात तिची दोन वर्षांची पोर तापानं गेली. चिमानं गोणी उचलली. त्यानंतर वणव्यात घराचं छप्पर गेलं. चिमानं गोणी उचलली. घरात राहिली कोण, तर आंधळी सासू, साळू म्हातारी.

गाव म्हणायचं, "काय बाईचं काळीज! डोळ्यांत टिपूस नाही." म्हणताना गावाला वाटायचं आपण कौतुक करतोय. ते कौतुकही चिमानं मुकाट्यानं गोणीवर ठेवलं आणि चालू लागली.

आणि मग एक दिवस आला. त्या दिवशी विशेष असं काहीच झालं नव्हतं. ऊन नेहमीचं, वाट नेहमीची. खालच्या बाजारात व्यापाऱ्याच्या माणसांनी न विचारताच चिमाच्या डोक्यावरची गोणी उतरवून घेतली. पण चिमाचे हात काही खाली आले नाहीत. डोक्यावर गोणी आहे असे वर धरलेले, मान ताठ, पाय मोजून टाकलेले. ती तशीच वळली आणि घाट चढू लागली. माथ्यावर आली, घरासमोरून गेली, परत उतरू लागली.

झालं. चिमा रिकाम्या डोक्यानं घाट चढायची आणि उतरायची. झोपायची ती उभ्यानं, कातळाला पाठ लावून. हात वरच.

गाव धावलं. पाटील म्हणाले, "अगं बाई, डोक्यावर आहे काय तुझ्या? काही नाही! टाक की हात खाली!"

चिमा म्हणाली, "तुम्हांला दिसत नाही."

"त्यात काय एवढं? दुःखं सगळ्यांनाच असतात," एक बाई म्हणाली. चिमानं तेही वर ठेवलं. देवऋषी आला, त्यानं लिंबू उतरवलं. लिंबू तेवढं वाया गेलं. गणोजी म्हणून गावात सगळ्यांत दांडगा हेलकरी होता. तो मिशीत हसून म्हणाला, "सोंग आहे. काम चुकवायचं सोंग."

पण मग लोकांनी खाली पाहिलं. तिसऱ्या वळणावरच्या कातळावर चिमाची पावलं उमटत होती. पहिल्या दिवशी नखभर खोल, मग बोटभर, मग चार बोटं. सोंगाला एवढं वजन कुठलं असतं? त्या वळणाच्या एका अंगाला ताशीव कडा आहे, दुसऱ्या अंगाला दरी. चिमाचा पाय एकदा चुकला की संपलं, हे सगळ्यांना दिसत होतं. काय करावं ते मात्र कुणाला सुचत नव्हतं.

साळू म्हातारीला हे कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. सून दारावरून जायची ती पावलं तिला ऐकू येत होती, आणि दररोज जड होत होती. म्हातारीनं चाळीस वर्षं त्याच घाटानं मीठ वाहिलं होतं. डोळे गेले तरी वाट तळपायाला पाठ होती. तिनं आंबिलीचं गाडगं घेतलं, काठी घेतली आणि तिसऱ्या वळणावर जाऊन बसली. वरून कोवळा उंबर सावली धरून होता.

चिमा आली की म्हातारी गाडगं तिच्या तोंडाला लावायची आणि विचारायची, "हात लावू का गं?"

चिमा आंबील प्यायची. बोलायची नाही. पुढं जायची.

म्हातारी बसून राहिली. पाटलांनी समजावलं, "साळूआत्या, डोक्यावर काही नाहीये तिच्या."

"मला आंधळीला काय सांगतोस?" म्हातारी म्हणाली. "माझ्या लेखी गोणीही दिसत नाही न् हेही दिसत नाही. ती म्हणते आहे, तर आहे."

अकरा दिवस म्हातारीनं विचारलं. अकरा दिवस चिमा बोलली नाही. म्हातारीनं रागावून विचारलं नाही, रडून विचारलं नाही. वाटेवरचा माणूस वाटेवरच्या माणसाला विचारतो, तसंच विचारलं.

बाराव्या दिवशी भर दुपारी चिमाचा पाय कातळात घोट्यापर्यंत रुतला. दुसरा पाय उचलला, तो दरीच्या काठावर पडला. देह हलू लागला. माथ्यावरून गाव बघत होतं. म्हातारी उठली, तिच्या धापेच्या आवाजावर चालत गेली आणि म्हणाली, "हात लावू का गं?"

चिमाचे ओठ हलले. आवाज आला नाही. म्हातारी थांबली. पुन्हा हलले.

"लावा, आत्याबाई."

असं म्हणतात की ते दोन शब्द बोलताना चिमाला आयुष्यातल्या सगळ्या गोण्यांपेक्षा जास्त बळ लागलं.

म्हातारीनं दोन्ही हात वर केले, सुनेच्या हातांच्या शेजारी लावले, आणि मटकन गुडघ्यांत वाकली. "आई आई गं! एवढं घेऊन फिरत होतीस, सटवे? आणि मला घरात बसवून?" मग माथ्याकडं तोंड करून ओरडली, "अरे मुडद्यांनो, बघता काय? म्हातारी मोडायची वाट बघता? या की हात लावायला!"

लाजेनं माणसं धावली. पुढं गणोजी. त्यानं आधी गंमत म्हणून नुसती करंगळी लावली, आणि करंगळी जी वाकली ती वाकलीच. त्याच्या वंशात आजही सगळ्यांच्या करंगळ्या वाकड्या आहेत. मग त्यानं हसणं सोडलं आणि दोन्ही हात लावले. चार लागले, आठ लागले, बायका लागल्या. ज्यानं ज्यानं हात लावला त्याला त्यात काही काही ओळखीचं लागलं. एकाला कोंडाजीचं पागोटं, एकीला छोट्या पोरीचं कुंची घातलेलं डोकं. सगळे रडू लागले. अजून हात कमी पडत होते, तेव्हा उंबरानं एक फांदी खाली केली. असं म्हणतात. तो वाकला तो तेव्हा, आणि पुन्हा सरळ व्हायचं त्याला काही कारण वाटलं नाही.

"उतरवायचं कुठं?" गणोजी धापा टाकत म्हणाला. "जमिनीला टेकवलं तर मुळं फुटतील!"

"जमिनीला कोण टेकवतंय, गाढवा? तो धोंडा काय पूजेला ठेवलाय?" म्हातारीनं एक हात काढून कड्यालगतचा छातीएवढा धोंडा दाखवला. चाळीस वर्षं ती त्याला खांदा घासून गेली होती. तिलाही तो आजच सुचला.

धोंड्यावर ओझं ठेवलं. धोंडा वीतभर खाली गेला. आणि चिमाचे हात खाली आले.

ती म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवून तिथंच झोपली. इतकी झोपली, इतकी झोपली, की तिच्या चुंबळीत एका बुलबुलानं घरटं केलं. गावानं वर पानांचा झाप घातला, पाळ्या लावल्या. कुणी जोरात शिंकलं तर गणोजी डोळे वटारायचा. पिल्लं उडून गेली त्या सकाळी चिमानं डोळे उघडले.

"माझं ओझं?" तिनं विचारलं.

"आहे तिथंच आहे," म्हातारी म्हणाली. "तुझंच आहे, कोण नेतंय?"

"उचलायचं?"

"उचलशील. आज नको. आणि उचलशील तेव्हा एकदम सगळं नको. थोडं तू, थोडं मी, थोडं हा वाकड्या करंगळीचा."

तेव्हा कुठं चिमा पोरीचं नाव घेऊन रडली. म्हातारीही रडली, आणि मग दोघी आंबील प्यायल्या.

चिमा पूर्वीसारखी झाली का? नाही हो. पूर्वीसारखी झाली असती तर गोष्ट कशाला सांगितली असती? ती पुन्हा घाट उतरली, गोणी मात्र एकच. कधी कधी वर्षात एखादा दिवस असा यायचा की तिचे हात आपोआप वर जायचे. मग जवळ जो असेल तो विचारायचा, आणि चिमा म्हणायची, "लाव." दिवस निघून जायचा. तिनं आणि गणोजीनं मिळून घाटाच्या उरलेल्या सहाही वळणांवर छातीएवढे धोंडे उभे केले. तिथं ओझं टेकवलं तर मुळं फुटत नाहीत, असं चिमानं सांगितलं, आणि चिमाच्या शब्दाला कोण आव्हान देणार?

आता घाटाला डांबरी रस्ता आहे. हेलकरी गेले, गोण्या ट्रकमधून जातात. पण तिसऱ्या वळणावर तो धोंडा, म्हणजे चिमाचा टेका, अजून आहे, शेजारी पावलं आहेत, घोट्यापर्यंत खोल. पावसाळ्यात त्यांत पाणी साचतं आणि बुलबुल येऊन पितात. ज्याच्या मनाला सोसवेनासं होतं, त्याला उंबरधोंडचे लोक तिथं नेतात. फडक्याची चुंबळ करून धोंड्यावर ठेवायची असते. मात्र एकट्यानं ठेवलेली चुंबळ वारा उडवून नेतो. दुसऱ्याचा हात लागलेली राहते. नंतर त्या माणसाला घरी आणून झोपू देतात. वैद्य-डॉक्टर लागला तर तोही बोलावतात, कारण तोही एक हातच.

आणि त्या गावात आजही कुणी कुणाला 'कसं काय, बरं आहे ना?' असं विचारत नाही. विचारतात, "हात लावू का?" समोरचा बहुतेक वेळा हसून म्हणतो, "राहू दे." विचारणारा मान डोलावतो, पण लगेच निघून जात नाही. साळू म्हातारीसारखा थोडा थांबतो. कुणास ठाऊक, ओठ पुन्हा हलतील.