पाणमांजराची पांढरी जागा

“पाणमांजर कुठं लपवलंस ते सांग आधी, मग रंगाला हात लाव!” भिवा गुरव देवळाच्या पायरीवरून ओरडत होता.

“लपवायला ती काय माझी कोंबडी आहे?” खाली भिंतीपाशी बसलेली आवडा कुंभारीण म्हणाली. गेरू कालवायचं काही तिनं थांबवलं नाही.

“हिनंच पलीकडच्या गावाला दिलं!” बायकांमधून कुणीतरी बोललं.

“हो तर, पदराखाली झाकून नेलं. वाटेत चावलं पण मला. दाखवू?”

कुणी हसलं नाही. अख्खं करंजडोह गाव जमलं होतं, आणि ठरवून आलं होतं. आज आवडानं भिंत पूर्वीसारखी भरायची, नाहीतर दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं.

हे कधीचं, ते मला विचारू नका. माझ्या आजीची आजीसुद्धा नुसतं ‘फार पूर्वी’ म्हणायची, आणि पोरांकडं अशी बघायची, जणू त्यांनीच काहीतरी लपवलंय.

त्या गावची रीत अशी. घट बसायच्या आदल्या दिवशी देवळाच्या भिंतीला चुन्याचा पोतारा द्यायचा, आणि शिवारातला एकूण एक जीव तिच्यावर काढायचा. मोर, खेकडा, बगळा, मासे, डोहातलं पाणमांजर. देवी नऊ दिवस भिंतीकडं बघते, आणि तिला जे दिसेल ते वर्षभर सांभाळते. काढायचा मान कुंभारांच्या घरचा. असं म्हणतात, आवडानं काढलेला बगळा पहाटे भिंतीवरून उतरायचा, डोहावर जायचा आणि उजाडायच्या आत परत यायचा. पायरीवर ओल्या पायांचे ठसे असायचे, भिवा ते रोज पुसायचा आणि पुटपुटायचा. मला विचाराल तर ते खऱ्या बगळ्याचेच असतील. तेव्हा बगळे देवळापर्यंत येत होते, तेवढं नवल मला पुरतं.

मग एका वर्षी पाणमांजर भिंतीवर टिकेना. सकाळी काढलं, दुपारी चुन्यानं पिऊन टाकलं. आवडानं गेरू दाट केला, पुन्हा काढलं, पुन्हा गेलं. तेव्हा ती उठली आणि थेट डोहावर गेली. काठावर माशांचे खवले पडलेले नव्हते, वाळूत पाणमांजर लोळल्याची खूण नव्हती. परत येऊन तिनं ती जागा पांढरीच सोडली.

गावाच्या पोटात संशय शिरला तो तेव्हा. हिनं काढलं नाही म्हणून ते गेलं, असं लोक म्हणू लागले. पुढच्या वर्षी त्यांनी लांबून एक चितारी आणला. त्यानं पाणमांजरांचे कळप काढले, म्हशीएवढे मासे काढले. त्यातलं काहीच पुसलं गेलं नाही, असं म्हणतात. त्याच्या रंगात डिंक फार होता, असं मी म्हणते. लोक खूश झाले. देवीला सगळं दाखवलंय, आता ती बघून घेईल, अशा भरवशावर त्यांनी डोहाच्या काठचे करंज आणि उंबर तोडले आणि कोळशाच्या भट्ट्या लावल्या. भिंतीवर एवढी जनावरं असताना झाडांची काळजी कोण करतो?

पुढच्या चैत्रातच डोहाचा तळ दिसला. पाऊस आला तो भलत्या वेळी आला, भाताची रोपं वाहून घेऊन गेला, आणि मग आलाच नाही. भिंतीवरचे मासे मात्र चकाकत होते.

भिवानं त्यातून काय काढलं, तर देवीनं परक्या हाताचं मानलंच नाही. मान आवडाचा, आणि आवडानं पाणमांजर मुद्दाम राखून ठेवलंय. तिनं काढलं की डोह भरेल. म्हणून ते भांडण.

“एक जनावर काढायला तुझ्या हाताला काय कळ येते?” भिवाचा आवाज आता खाली आला होता. त्याच्या घरी पाणी नव्हतं, कुणाच्याच घरी नव्हतं. “काढ ना, आवडाक्का. गाव जगू दे.”

“काढलं की तुम्ही घरी जाऊन निजाल, गुरवा. मागल्या वर्षी निजलात तसे. आणि उठलात की उरलेले उंबर तोडाल.”

“मग चालती हो!”

आवडा उठली. शिंदीच्या काडीचं टोक चावून मऊ केलेला तिचा कुंचला तिनं गेरूत बुडवला, गावापुढं धरला, आणि एकच वाक्य बोलली.

असं म्हणतात, त्या वाक्यासरशी वारा थांबला. कुंचल्यावरून निथळणारे गेरूचे थेंब खाली पडेनात, अधांतरी राहिले. कोरड्या डोहातून कुणीतरी शीळ घातली. असेल बाई. वारा काय, कशानंही थांबतो. पण सगळं गाव एकमेकांच्या तोंडाकडं चोरून बघत राहिलं, कोण उठतंय म्हणून, आणि कुणी उठलं नाही, एवढं मी खरं मानते. त्यानंतर भट्ट्या विझल्या. काठावर उंबर लावले, पण त्यांची सावली पाण्यावर पडायला एक पिढी जावी लागली.

आवडा त्याच गावात म्हातारी होऊन गेली. करंजडोहात अजूनही घट बसायच्या आधीचा पंधरवडा माणसं डोहावर जाऊन बसतात, थोरली, धाकटी, नोकरीहून रजा काढून आलेलीसुद्धा, आणि तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. मग भिंत पांढरी करतात. चितारी कुणी नसतो. पाणमांजराच्या जागेपुढं फूल ठेवतात. एका वर्षी कुणा मुलीनं तिथं ते काढलं, आणि ते संध्याकाळपर्यंत टिकलं, असं म्हणतात. मी मुद्दाम बघायला गेले. तिथं गेरूचा डाग होता. पाणमांजराचा की कुणाच्या हाताचा, ते मी अजून ठरवलेलं नाही.

आणि भिंतीवर पहिली रेघ पडायच्या आधी आवडाचं ते वाक्य मोठ्यानं म्हणतात, तिनं म्हटलं तसंच:

“हा घ्या कुंचला, आणि यंदा ज्यानं पाणमांजर आपल्या डोळ्यांनी पाहिलं असेल त्यानं ते इथं काढावं, मी त्याच्या पाया पडीन आणि गाव सोडीन.”