खरी गोळी कुठली

"यातली खरी कुठली, एवढंच सांगा."

डॉक्टर खांबेट्यांनी चटईवर दोन गोळ्या ठेवल्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल, दोन्ही सारख्याच मुकाट.

हसनशा फकिरानं गोळ्यांकडं बघितलंच नाही. तो डॉक्टरांकडं बघत राहिला.

खांबेटे म्हणजे पोटाचे मोठे डॉक्टर. घशातून नळी घालून सात हजार पोटं आतून बघितलेली. माणसाचं तोंड लक्षात राहायचं नाही, जठर राहायचं. दोन वर्षं त्यांचा एक अभ्यास चालला होता, पोटातल्या जखमेवरच्या नव्या गोळीचा. निम्म्या रोग्यांना खरी गोळी, निम्म्यांना तसलीच दिसणारी खोटी. रोगी तयार होते, सह्या केलेल्या. कुणाला कुठली मिळाली ते रोग्यालाही कळायचं नाही आणि देणाऱ्या डॉक्टरलाही. यादी मुंबईत, औषधकंपनीच्या कुलपात.

एवढं शिकून आपणच आपल्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि तिला शास्त्र म्हणायचं... आम्ही हसलो तर आम्ही अडाणी.

इतर गावांतले रोगी गोळी फोडून चाटायचे. कडू लागली नाही की खोटी समजून पळायचे. वडाळीचे मात्र एकूण एक टिकून होते. दुसऱ्या कुणाला याचा आनंद झाला असता. खांबेट्यांना संशय आला. त्यांनी जीप काढली आणि थेट वडाळीबाहेरचा हा तकिया, म्हणजे फकिराची झोपडी, गाठला.

"माझे रोगी गोळ्या घेऊन तुमच्याकडं येतात ना?"

"येतात."

"तुम्ही वास घेऊन सांगता, खरी का खोटी."

"सांगतो."

"काय सांगता?"

"खरी."

"आणि दुसऱ्याला?"

"त्यालाही खरी."

"पण ज्याची खोटी आहे, त्याला?"

"साहेब, कुणाची खोटी आहे ते मला काय ठाऊक? तुम्हाला ठाऊक आहे का?"

डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. तसा नियमच होता.

"यादी फुटलीय," ते म्हणाले. "मुंबईहून कोण येतं इथं? कंपनीचा माणूस?"

"ही शेळी येते. ती कंपनीची असेल तर मला माहीत नाही."

शेळीनं मान वर केली. डॉक्टरांनी तिच्याकडंही नीट बघून घेतलं.

"विषय बदलू नका, बाबा. या दोनांतली खरी कुठली?"

"दोन्ही खडू."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. सापळा त्यांनी स्वतःच्या हातानं रचला होता. खडूच्या गोळ्या पाडून घेतल्या होत्या आणि कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं.

"वास तर घेतला नाहीत. मग कळलं कसं?"

"यातली एक जरी औषधाची असती, तर ती इथवर आली नसती. जीपमध्येच तुमच्या पोटात गेली असती."

आल्यापासून डॉक्टरांचा हात बरगडीखाली रुतून बसला होता. तो त्यांनी आत्ता झटकन काढून घेतला.

...

"भूक?" फकिरानं विचारलं.

"हे प्रश्न तुम्हाला कुणी शिकवले?"

"तुम्हीच. दोन वर्षं तुमचे रोगी हेच घोकत इथं बसतात. भूक?"

"नाही."

"वजन?"

"सहा किलो उतरलं."

"झाड्याचा रंग?"

डॉक्टरांनी मागं वळून दाराकडं बघितलं. कुणी ऐकत नाही ना, म्हणून. दाराआड मी होतो, तकियात चहा ठेवणारा. पण मला कोण विचारतो.

"काळा," ते हळूच म्हणाले. "डांबरासारखा. आज नववा दिवस."

"असा रोगी दवाखान्यात आला, तर तुम्ही काय करता?"

"त्याच दिवशी नळी घालतो. आत रक्त वाहत असतं. उशीर केला तर..."

सात हजार पोटं बघितलेला माणूस, त्याला पुढचं वाक्य पाठ होतं.

"मग घातली का?"

"स्वतःच्या घशात स्वतः कशी घालणार? दुसरा नळी घालणारा निमकर. माझ्या हाताखालचा. खुर्चीवर डोळा ठेवून आहे तो. मी आजारी आहे हे कळलं की संध्याकाळपर्यंत मेडिकल कॉलेजभर करेल. आणि आत काय दिसलं ते तरी मला खरं सांगेल कशावरून?"

"त्याला नळी घालायला कुणी शिकवलं?"

"मी."

फकीर दाढीत हसला. चांगला हसला.

"साहेब, तुमच्या अभ्यासात देणाऱ्याला ठाऊक नसतं, घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बरोबर?"

"बरोबर."

"इथं डॉक्टरालाही ठाऊक आहे आणि रोग्यालाही."

...

मग फकिरानं चटईवरच्या दोन्ही गोळ्या उचलल्या, तोंडात टाकल्या आणि वर तो तांब्याभर पाणी प्यायला.

"अहो, खडू आहे तो," डॉक्टर म्हणाले.

"मला चालतो. माझ्या पोटात काही झालेलं नाही."

कुणीतरी गाठोड्याची गाठ सोडावी, तसे डॉक्टरांचे खांदे खाली आले. आल्यापासून ते फक्त विचारत, नाहीतर सांगत होते. आता पहिल्यांदाच त्यांनी काही मागितलं.

"बाबा... घोटभर चहा मिळेल?"

चुलीवर चहा उकळतच होता. या तकियातून आजवर बिनचहाचा कुणी परत गेलेला नाही. चोरसुद्धा पिऊन गेलेत, मी स्वतः बघितलंय.

फकिरानं पातेल्यावर झाकण ठेवलं.

"सकाळपासून पोटात काय गेलंय?"

"काही नाही. खाल्लं की जळतं."

"पाणी?"

"तेही नाही."

"मग असेच रिकाम्या पोटी उठा, साहेब. चहा निमकरांनी नळी बाहेर काढल्यावर."